मासा ठीक

मी आयुष्यभर पाणी साफ केलं. हे वाक्य मी पूर्वी छाती फुगवून म्हणायचो. आता म्हणताना जीभ जड होते, पण खोटं नाही ते. आमच्या शहराच्या फिल्टर हाऊसमध्ये मी चौतीस वर्षं काढली. शहर कसलं, मोठं गाव म्हणा. धरणातून आलेलं मातकट पाणी आत घ्यायचं, त्यात तुरटी सोडायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरचं पाणी वाळूच्या थरातून गाळायचं, क्लोरीन द्यायचं आणि टाकीत चढवायचं. काम एवढंच. पण एवढंच काम नीट करणारी माणसं किती असतात, ते मला विचारा. लोक मला फिल्टर म्हणूनच हाक मारायचे. बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो फिल्टरसाहेब, माझ्या बोलण्यातला गाळ काढत बसू नका, जेवायला या."

आमच्याकडे एक जुनी पद्धत होती. धरणाचं कच्चं पाणी जिथून आत येतं तिथे काचेची एक पेटी ठेवलेली असे. त्या पाण्याची बारीक धार पेटीतून सतत वाहायची, आणि पेटीत एक मासा असायचा. एकच, करंगळीएवढा, पोटाशी चंदेरी. मीटर काय सांगायचं ते सांगू देत, मासा जगतोय तोवर पाणी घ्यायचं, असा नियम. मासा मेला तर आधी पंप बंद, मग वर फोन, मग बाकीचं सगळं. रोज सकाळी सातला पेटीत डोकवायचं आणि रजिस्टरमध्ये लिहायचं, 'मासा ठीक'. खाली सही. दिवसभर काडीचं काम न करता सगळ्यांना स्वतःची चौकशी करायला लावणारा आमच्यात तो एकटाच, म्हणून आम्ही त्याला साहेब म्हणायचो. खरे साहेब तपासणीला आले आणि "सगळं ठीक ना?" म्हणाले, की मी आणि पंपवाला एकमेकांकडे बघायचंच टाळायचो, नाहीतर हसू फुटायचं.

मग वर डोंगरात सोन्याची खाण आली. लोकांना वाटलं, आता गावात सोन्याचा धूर निघणार. निघाली ती धूळ. पहिली दोन वर्षं धरणात इतका चिखल आला की तुरटी कालवून कालवून माझ्या हातांची सालं निघाली. आमच्याकडे हातभर उंचीची एक काचेची नळी असते, तिच्या तळाशी काळी फुली. नळीत पाणी भरायचं आणि वरून बघायचं. फुली दिसली तर पाणी पास. त्या दोन वर्षांत ती फुली दिसायला मी अक्षरशः देव पाण्यात घातले. लोक नळाचं पाणी बाटलीत भरून माझ्या दारात आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "फिल्टर, हे तू पिऊन दाखव." राग यायचा. झोप लागायची नाही. माझ्या कामाला कुणी नावं ठेवलेली मला कधीच सोसली नाहीत, आणि सगळं जे बिघडलं ते तिथूनच बिघडलं.

तिसऱ्या वर्षी एका आठवड्यात पाणी नितळ झालं. धरणाचंच पाणी, कच्चं, तुरटी न घालता. मी नळीत भरून बघितलं तर फुली अशी दिसली की आत्ताच कुणी नव्याने काढलीय. मी दोनदा नळी धुतली, पुन्हा भरलं. तेच. धरणावर जाऊन उभा राहिलो तर पुरुषभर खोल तळाचे दगड मोजता येत होते. काठाचं शेवाळ गेलेलं. मी म्हटलं, चला, खाणवाल्यांना एकदाची अक्कल आली, चिखल अडवला त्यांनी.

तुरटी निम्म्याहून कमी लागायला लागली. वर्षअखेरीला मोठ्या साहेबांनी मला सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्र दिलं. तुरटीत विक्रमी बचत आणि पाण्याचा उत्तम दर्जा. बायकोने त्याला चौकट करून घेतली आणि ते बाहेरच्या खोलीत, येणाऱ्याच्या नजरेला पहिलं पडेल असं लावलं. "नाहीतर तुम्ही ते ट्रंकेत टाकाल," ती म्हणाली. मी वरवर कुरकुरलो. आतून मला गुदगुल्या होत होत्या, खोटं कशाला बोलू.

पाण्याचा आंबटपणा बघायचं औषध तेव्हा संपलं होतं. मी मागणीची चिठ्ठी पाठवली होती. ती अजूनही कुठल्यातरी टेबलावर फिरत असेल.

पहिला मासा मेला तो पाणी नितळ झाल्यावर तीन आठवड्यांनी. सकाळी सातला पेटीत बघितलं तर साहेब उताणे. आता माझ्या डोक्यात काय आलं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आदल्या संध्याकाळी मीच क्लोरीनचा सिलिंडर बदलला होता. बदलताना थोडा गॅस सुटला, मलाही ठसका लागला होता. पेटी त्याच भिंतीला लागून. मला वाटलं, मी मारला. माझ्या हातून चूक झाली. पंप बंद करून वर फोन केला तर पहिला प्रश्न येणार, गॅस कुणी सोडला? चोवीस वर्षांत माझ्या नावावर एक ठपका नव्हता. पाण्याकडे बघितलं, काचेसारखं. एवढ्या नितळ पाण्यात काय असणार? नियम होता तो गढूळ, घाण पाण्यासाठी, असं मी मनाशी म्हटलं. सायकल काढली, बाजारात शोभेचे मासे विकणाऱ्याकडून तसाच एक मासा पिशवीत घालून आणला, आणि पंपवाला यायच्या आत पेटीत सोडला. रजिस्टरमध्ये लिहिलं, 'मासा ठीक'. खोटं नव्हतं. जो होता तो ठीकच होता.

दुसरा दीड महिन्यात गेला. मी पेटी क्लोरीनच्या भिंतीपासून लांब हलवली. तिसरा गेला, मी पेटीला झाकण केलं. चौथ्याच्या वेळी मासेवाल्याशी भांडलो, म्हटलं, "तुझा मालच कुचका आहे." तो म्हणाला, "काका, बाकी कुणाचे मरत नाहीत. बोअरचं पाणी घाला." मी त्यालाच झापलं, मला पाणी शिकवतो? मेलेला मासा मी कागदात गुंडाळून आवारातल्या जास्वंदीखाली पुरायचो. असे चौदा पुरले. पंधरावा मासेवाल्याने वेगळ्या जातीचा दिला, काळपट, बोटभर, वर येऊन तोंडाने हवा घेणारा. "हा गटारातही जगतो," तो म्हणाला. आणि खरंच, तो मेला नाही. मी सुटकेचा श्वास सोडला. आता हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बायकोला मुतखडा झाला तो पहिले दोन-तीन मासे मेले त्या सुमारास. डॉक्टर म्हणाले, औषधापेक्षा पाणी, दिवसाला तीन लिटर. हिला पाणी प्यायचा मूळचा कंटाळा. चहाचा अर्धा कप आणि दिवसभरात दोन घोट, असली बाई. मी म्हटलं, आता मी बघतो. एक मोठी पारदर्शक बाटली आणली आणि तिच्यावर मार्करने रेघा मारल्या. नऊ वाजता इथवर, अकराला इथवर, एकला इथवर. कामावरून आलो की आधी बाटली बघायचो. रेघेच्या वर पाणी दिसलं की माझी कटकट सुरू.

"अहो, मी काय बाग आहे का?" ती म्हणायची.

"बाग बरी. बागेला निमूट पाणी घालता येतं."

आणि हिला नळाचं पाणी द्यायचं नाही, हेही मीच ठरवलं. नळाचं पाणी गंजक्या पाइपांतून फिरून येतं. मी फिल्टर हाऊसच्या टाकीतून, वाळूतून उतरल्या उतरल्या, पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरून सायकलला लावून घरी आणायचो. शहरातलं सगळ्यात चांगलं पाणी माझ्या बायकोच्या पोटात जात होतं. याचा मला केवढा अभिमान होता म्हणून सांगू. मी स्वतः चहावर जगणारा माणूस, पाण्याचा एक पेला मला दिवसभर पुरायचा.

एकदा ती घोट घेऊन थबकली आणि म्हणाली, "तोंडात नाणं धरल्यासारखं लागतंय."

"तुझं तोंड आलं असेल."

"तोंड नाही आलं. रोजच लागतं. आज सांगितलं एवढंच."

मी पेला तिच्या हातातून घेतला, खिडकीपाशी धरला, आरपार समोरच्या घराच्या कौलांचा रंग दाखवला. "यात काय दिसतंय तुला?"

"काही नाही."

"मग? एवढी वर्षं पाण्यात काढली मी, आता तू मला चव शिकवणार?"

ती हसली. म्हणाली, "बरं बाबा," आणि उरलेलं पिऊन टाकलं. माझं मन राखायला प्यायली ती. मला तेव्हाही ते कळलं होतं, आणि बरं वाटलं होतं.

दोन-तीन वर्षांत तिच्या तळहातांवर बारीक खडबडीत गाठी आल्या, तांदळाच्या कण्या चिकटल्यासारख्या. भांड्यांच्या साबणाने असेल म्हणून आम्ही साबण बदलला. मग छातीवर, पाठीवर काळे-पांढरे ठिपके. मी निवृत्त झालो त्या वर्षी लघवीतून रक्त गेलं. आम्ही म्हटलं, मुतखडा. मुलगी परगावाहून आली आणि आमचं काही न ऐकता आईला मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. मूत्राशयाचा कॅन्सर निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाई तिचे तळहात उलटसुलट करून बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "पाणी कुठलं पिता?"

मीच उत्तर दिलं. ताठ बसून दिलं. "त्याची काळजी नको, डॉक्टर. थेट फिल्टर हाऊसचं. मी स्वतः आणतो."

त्या एक बाटली पाणी आणून द्या म्हणाल्या. दहा दिवसांनी मुलीने रिपोर्ट वाचून दाखवला. तांबं होतं, अजून काय काय होतं, आणि आर्सेनिक. आर्सेनिक म्हणजे सोमल. गोष्टींत राजाला दुधातून देतात ते. चालतं त्याच्या कितीतरी पट. मुलगी वाचत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, आता ती म्हणेल की बाबा, चुकून दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट आला.

मग शहरात इतरांचेही तळहात बघितले जाऊ लागले. गल्लीगल्लीत तसेच गाठींचे निघाले. कुणाची आजी, कुणाची सून, सतरा वर्षांची एक पोरगी. लोक उठले, आणि शेवटी चौकशी लागली. नगरपालिकेच्या सभागृहात, सकाळी अकराला. हिचे उपचार चालू होते, डोक्यावरचे केस गेले होते, तरी ती रुमाल बांधून आली. "घरात बसून छत बघण्यापेक्षा बरं," म्हणाली. आम्ही मागच्या बाकावर बसलो.

पाण्याची तपासणी केलेल्या बाईंनी सगळं सोपं करून सांगितलं. सोन्याचा दगड फुटतो तेव्हा त्यातलं सोमल आणि तांबंही मोकळं होतं. खाणीचा गाळ साठवायचा तलाव पाझरतोय, ते पाणी आंबट होऊन धरणात उतरतंय. आणि अशा पाण्यात विरघळलेल्या धातूंमुळे चिखल आपोआप खाली बसतो, शेवाळ मरतं. "म्हणून पाणी इतकं नितळ दिसत होतं," त्या म्हणाल्या. "त्यात जगण्यासारखं काही उरलंच नव्हतं."

प्रशस्तिपत्र माझं नव्हतं. ते त्या तलावाचं होतं.

मग खाणीच्या बाजूचा माणूस उठला. पांढरा शर्ट, मऊ आवाज. त्याच्या हातात आमच्या रजिस्टरच्या झेरॉक्सची चळत होती. तो म्हणाला, "विष धरणातून आलं असतं तर आधी कळलं असतं. तुमच्याच फिल्टर हाऊसमध्ये कच्च्या पाण्यात मासा ठेवतात. तुमच्याच माणसाने रोज सही करून लिहिलंय." आणि तो वाचायला लागला. तारीख, मासा ठीक. तारीख, मासा ठीक. "एक दिवस असा नाही की मासा मेला. तेव्हा दोष धरणात नाही, खाणीत नाही. तुमच्या जुन्या पाइपांत शोधा."

सभागृहात कुजबुज झाली. माना हलल्या. पाइप जुने होतेच की. समोर बसलेल्या चौकशीच्या साहेबांनीही काहीतरी टिपून घेतलं. आणि हिने मला कोपराने हळूच ढोसलं.

"तुमचं रजिस्टर," ती म्हणाली. "बघा, एक दिवस चुकवला नाहीत." तिच्या आवाजात कौतुक होतं. एवढं सगळं होऊन कौतुक होतं.

मी गप्प बसलो असतो तर कुणाला काही कळलं नसतं. पंपवाला वारला होता, मासेवाला दुकान मोडून गेला होता. पण मग पाइप खणले असते, खाण चालू राहिली असती आणि तेच पाणी पुन्हा टाकीत चढलं असतं. आणि माझ्या शेजारी ती बसली होती, डोक्याला रुमाल बांधून, मला ढोसत. मी उठलो.

"मासे मेले," मी म्हणालो. "चौदा मासे मेले. मी बदलत होतो. मला वाटलं माझ्या क्लोरीनने मरतायत. नोकरीवर डाग नको म्हणून मी लिहिलं नाही. जास्वंदीखाली खणून बघा, काटे सापडतील."

पुढे कोण काय ओरडलं ते मला नीट आठवत नाही. कुणीतरी माझी कॉलर धरली, कुणीतरी सोडवलं. त्या सतरा वर्षांच्या मुलीचा बाप जागेवरून हलला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. आठवड्यात धरणाचं पाणी बंद झालं आणि टँकर सुरू झाले. दोन महिन्यांनी खाणीलाही टाळं लागलं. ते टाळं माझ्यामुळे लागलं असं काही जण म्हणतात. माझ्यामुळे दहा वर्षं उशिरा लागलं, असं मी म्हणतो.

त्या दिवशी घरी परतल्यावर ही थेट बाहेरच्या खोलीत आली, प्रशस्तिपत्राखालच्या खुर्चीत बसली आणि चपलाही न काढता म्हणाली, "चौदा?"

"चौदा."

"मी तुम्हाला नाण्यासारखं लागतं म्हणाले होते, तेव्हा कितवा चालू होता?"

मी खोटं बोलू शकलो असतो. खोटं लिहायची सवय होतीच हाताला. पण तोंडाला ती लागली नव्हती. "सहावा मेला होता," मी म्हणालो. "त्याच आठवड्यात."

तिने मान हलवली. रडली नाही, आरडली नाही. मीच रडलो. तिच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडलो, आणि तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही. ठेवायला नकोच होता.

बऱ्याच वेळाने तिने पाणी मागितलं. मी टँकरचं, उकळून गार केलेलं पाणी पेल्यात ओतून आणलं. तिने ते घेतलं नाही. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आधी तुम्ही प्या."

मी प्यायलो, अर्धा पेला. ती बघत होती. मग तिने पेला घेतला आणि उरलेलं प्यायली.

ती पुढे पाच महिने होती. स्वयंपाक मी केला, अंथरूण मी बदललं, मुलगी येऊन-जाऊन असायची. हळूहळू ती माझ्याशी बोलायला लागली, एखाद्या वेळी थट्टाही करायची. भाजीत मीठ जास्त पडलं की म्हणायची, "रजिस्टरमध्ये काय लिहू, भाजी ठीक?" आणि मला हसावं की मरावं कळायचं नाही. पण पाण्याच्या बाबतीत ती एकदाही विसरली नाही. सकाळी, दुपारी, गोळ्यांच्या वेळी, शेवटी उठवेना तेव्हाही, मी पेला नेला की ती थांबायची. आधी मी प्यायचो, मग ती. तिला माझा भरवसा उरला नव्हता की तिला एकटीला प्यायचं नव्हतं, हे मी विचारलं नाही. माझी हिंमत झाली नाही.

शेवटच्या दोन दिवसांत तिला गिळता येत नव्हतं. मी कापूस ओला करून तिच्या ओठांवर फिरवायचो. त्याआधी दर वेळी तोच कापूस मी माझ्या ओठांना लावायचो, आणि तिला दिसेल असा लावायचो. मग ती तोंड उघडायची.